दीपप्रज्वलन ही बातमी नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या दैनिकात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी शिकायला यायची. गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या एका खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या शेतीच्या, गावातली. जुलैतल्या एका रविवारी तिच्या गावची ग्रामसभा झाली आणि सोमवारी दुपारी तिने माझ्या टेबलावर दोन पानांची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, ठेवली. सुरुवात अशी:

"रविवारी सकाळी ठीक १०.३० वाजता पंचायत सभागृहात ग्रामसभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. व्यासपीठावर सरपंच, उपसरपंच, पंचसदस्य, सचिव व निरीक्षक उपस्थित होते. सुरुवातीला सचिवांनी मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवले व ते एकमताने संमत करण्यात आले."

पुढे पथदीप, कचरा, भटकी कुत्री. दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक वाक्य होते, "तसेच बांध फुटून शेतात खारे पाणी शिरल्याबाबतही काही शेतकऱ्यांनी प्रश्न विचारले." आणि शेवटी अर्थातच आभारप्रदर्शन.

मी तिला विचारले, "काल घरी गेल्यावर आईला काय सांगितलंस?"

"सांगितलं की खाजनात खारं पाणी शिरलंय, यंदाचं भात गेलं. काकाचं शेतसुद्धा त्यातच आहे, सर."

म्हणजे बातमी तिला कळली होती. आईला तिने ती बरोबर क्रमाने सांगितलीही होती. कागद समोर आला तेव्हा मात्र हात शाळेतल्या सवयीने चालला. शाळेत आपण स्नेहसंमेलनाचा, वनमहोत्सवाचा, मराठी दिनाचा अहवाल लिहायला शिकतो. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांची ओळख, भाषण, आभार. अहवाल घड्याळाच्या काट्यामागून चालतो आणि तेच योग्य आहे, कारण तो दप्तरी राहायचा असतो. बातमी वाचणारा माणूस सभेला नव्हता. सभा किती वाजता सुरू झाली याचे त्याला काही पडलेले नसते. तिथे काय ठरले, काय बिनसले आणि त्याचा आपल्याशी संबंध काय, एवढेच त्याला हवे असते.

बातमी कशी लिहावी याचे नियम कुठल्याही पाठ्यपुस्तकात दोन पानांत मिळतात. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि बातमी लिहायला बसली की पुन्हा दीपप्रज्वलनाकडे वळतात. माझा अनुभव असा, की वृत्तपत्र कसे चालते हे ज्याने पाहिले त्याला नियम पाठ करावे लागत नाहीत. प्रत्येक नियमाच्या मागे कुणाची तरी गरज उभी असते: पान लावणाऱ्याची, वाचकाची, आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याची. ती गरज दिसली की नियम आपसूक सुचतो.

वरून जड, खालून हलकी

उदाहरणार्थ 'उलटा पिरॅमिड'. सर्वांत महत्त्वाचे आधी, कमी महत्त्वाचे नंतर, नसले तरी चालेल ते तळाशी. याचा उगम सांगताना तारायंत्राची गोष्ट सांगतात: अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तारा मध्येच तुटत, म्हणून वार्ताहर मुख्य मजकूर आधी पाठवत. ही गोष्ट अशीच घडली का, यावर अभ्यासकांत दुमत आहे. मी तारायंत्राच्या वाटेला जात नाही, मुलांना संध्याकाळी डेस्कवर बसवतो.

तिथे काय दिसते? जाहिरात विभागाकडून पानाचा डमी येतो, त्यात जाहिरातींची जागा आधीच अडवलेली असते. उरेल त्या जागेत बातम्या बसवायच्या. चारशे शब्दांची बातमी छान लागलेली असते, तेवढ्यात रात्री आठला अर्ध्या पानाची शुभेच्छांची जाहिरात येते. आमदारांचा वाढदिवस. आता बातमी दीडशे शब्दांची करा. उपसंपादकाकडे पाच मिनिटे असतात आणि आणखी सहा बातम्या रांगेत असतात. प्रत्येक वाक्य वाचून, तोलून कापायला वेळ कुणाला आहे? तो खालून कापत वर येतो. बांध फुटल्याचे वाक्य जर नवव्या परिच्छेदात असेल तर ते जाईल आणि इतिवृत्त एकमताने संमत झाल्याचे राहील. दुसऱ्या दिवशी गाव म्हणेल, पेपरवाल्यांना शेतकऱ्यांची पर्वा नाही. पर्वा होती हो, क्रम चुकला होता.

मोबाइलवर जाहिरातीची कात्री नाही, पण वाचकाचा अंगठा आहे. दोन ओळींत काही मिळाले नाही तर तो पुढे सरकतो. फरक एवढाच, की उपसंपादकाला निदान कापताना वाईट वाटते.

म्हणून पहिला परिच्छेद, ज्याला आम्ही इंट्रो म्हणतो, एकटा सोडला तरी उभा राहिला पाहिजे. मुलांना मी एक युक्ती सांगतो. रिबंदर-चोडणची फेरीबोट सुटतेय, तुम्ही धक्क्यावर आहात आणि ओळखीचा माणूस बोटीवर आहे. रॅम्प उचलला जाईपर्यंत ओरडून जेवढे सांगता येईल तेवढे सांगा. तो तुमचा इंट्रो. "सचिवांनी इतिवृत्त वाचून दाखवले" असे धक्क्यावरून कुणी ओरडत नाही.

सहा प्रश्न, त्यातले दोन भारी

कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. यातले पहिले चार खुर्चीत बसूनही मिळतात. 'का' आणि 'कसे' यांना पायपीट लागते, आणि बरे बातमीदार तिथेच घडतात.

आमच्या मुलीच्या बातमीत 'का' नव्हताच. बांध फुटला, पाणी शिरले, संपले. आता ज्यांनी खाजन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण हे समजल्याशिवाय ही बातमी समजत नाही. खाजन म्हणजे नदीच्या, खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली सखल जमीन. भरतीच्या पातळीहून खाली असलेली. बांधात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे दारे असलेली मोरी. ओहोटीला आतले पावसाचे पाणी या दारांतून नदीत जाते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानेच दारे मिटतात. वीज नाही, मोटर नाही, आणि शतकानुशतके चाललेले आहे. अशा जमिनीत थोडा खारेपणा सोसणारे कोरगुटसारखे भात घेतात.

आणि मानशीपाशी मासळी मिळते. ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर जाणारे मासे, सुंगटे (कोळंबी) जाळ्यात येतात, म्हणून या मासेमारीचा लिलाव होतो. इथे गोष्ट फिरते. शेतकऱ्याला खारे पाणी आत नको असते. मासळी धरणाऱ्याला मात्र ते जितके आत येईल तितकी मासळी जास्त. रात्री दार थोडा वेळ उघडे ठेवले तर? गोव्यातल्या कितीतरी गावांत हे भांडण वर्षानुवर्षे चालत आले आहे.

मी विचारले, "बांध फुटला की मानशीचं दार उघडं राहिलं?"

तिने मान हलवली. माहीत नव्हते.

या दोन वेगवेगळ्या बातम्या आहेत. बांध जुना होऊन फुटला असेल तर प्रश्न दुरुस्तीचा: जबाबदारी कुणाची, शेवटची डागडुजी कधी झाली, पैसे आले होते का. दार उघडे ठेवले असेल तर प्रश्न माणसाच्या हाताचा. मंगळवारी सकाळी ती बांधावर जाऊन आली, फोटो घेऊन. बांधाला भगदाड होते, मानशीची एक फळीही जागेवर नव्हती. फळी पाण्याने नेली की कुणी काढली, हे बांधावर उभे राहून कळत नाही. मग बातमीत दोन्ही गोष्टी लिहायच्या आणि तिसरी, जी कळत नाही, ती आपल्या मनाने जोडायची नाही. हे सांगायला एक वाक्य लागते. पाळायला फार जड जाते, कारण जोडलेली गोष्ट नेहमी जास्त चांगली वाचली जाते.

आता 'केव्हा'. बांधावरून परतल्यावर तिने लिहिले होते, "सकाळी सहा वाजता बांध फुटून पाणी शेतात शिरले." मी भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. त्या सकाळच्या आदल्या रात्री अमावास्या होती. अमावास्येला आपल्याकडे भरती रात्री अकराच्या पुढेमागे भरते आणि पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी असते. उधाणाची भरती होती हे खरे, पण सहा वाजता नदी रिकामी झालेली. मग पाणी आत शिरले कसे?

तिने तिथूनच काकाला फोन लावला. काका म्हणाला, "अगो, सहाला मी शेतात गेलो तेव्हा दिसलं. शिरलं कधी ते मला काय ठाऊक?"

एवढेच झाले होते. 'दिसले' याचे तिने 'शिरले' केले होते. पण त्या एका क्रियापदाने घटनेची वेळ सात तासांनी हलली होती, आणि रात्री दार कुणी उघडले का हा प्रश्नच पुसला गेला होता. दुरुस्त वाक्य: "सकाळी सहाच्या सुमारास शेतात गेलेल्या शेतकऱ्यांना खाजन पाण्याखाली गेलेले दिसले." कुणी काय पाहिले आणि कुणी काय ऐकले, हे वेगळे ठेवणे म्हणजे पत्रकारितेचा निम्मा अभ्यासक्रम आहे, असे मी तरी मानतो.

"सगळ्यांक खबर आसा"

गोव्यातल्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक काम असते, त्याचा पुस्तकांत फारसा उल्लेख नसतो. माणसे बोलतात कोंकणीत, बातमी लिहायची मराठीत. ग्रामसभेत एक म्हातारे शेतकरी उठून म्हणाले होते, "मानस कोण उगडटा तें सगळ्यांक खबर आसा." तिच्या नव्या कॉपीत याचे झाले: "मानशीच्या गैरवापराबाबत शासनाने तातडीने कठोर उपाययोजना करावी, अशी आर्त मागणी संतप्त ग्रामस्थांनी केली."

म्हाताऱ्याने मागणी केलीच नव्हती. तो संतापलेलाही नव्हता, ती सांगते त्याप्रमाणे अगदी थंडपणे बोलून खाली बसला होता. त्याचे वाक्य सरळ मराठीत आणता येते: "मानस कोण उघडतो ते सगळ्यांना ठाऊक आहे." अवतरणचिन्हांत घालायचे तर त्याचेच म्हणणे घालावे, आपले निबंधातले मराठी त्याच्या तोंडी देऊ नये. एखादा कोंकणी शब्द मराठीत नेमका उतरत नसेल तर तो तसाच ठेवावा. इथल्या वाचकाला 'मानस' समजावून सांगावे लागत नाही.

पण हे वाक्य छापताना दुसरी अडचण उभी राहते. नाव घेतलेले नाही, तरी गावात मानशीचा ठेका एकाच माणसाकडे आहे. वाचणारा प्रत्येक जण त्याच्याकडेच बोट दाखवणार. गोवा लहान आहे, बारा तालुके, आणि आडनावावरून वाडा ओळखणारी माणसे. "एका ठेकेदारावर" असे लिहिले की झाकले गेले, ही समजूत मुंबईत चालत असेल, इथे नाही. म्हणून त्याला फोन करायचा, त्याचे म्हणणे विचारायचे आणि त्याच बातमीत द्यायचे. "प्रयत्न करूनही संपर्क होऊ शकला नाही" हे वाक्य खरोखर प्रयत्न केला असेल तरच लिहायचे. एकदा, दुपारी दोनला, माणूस जेवून झोपलेला असताना लावलेला फोन म्हणजे प्रयत्न नव्हे.

दुसरी बाजू घेणे हे सौजन्य आहेच, शिवाय कायद्याच्या दृष्टीनेही त्यात आपले हित आहे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. 'दार उघडले' आणि 'दार उघडल्याचा आरोप शेतकऱ्यांनी केला' यांत जो फरक आहे, तो कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्यावर फार मोठा वाटू लागतो. मात्र 'आरोप केला' हे शब्द टाकले की आपण सुटलो, असे मुलांना वाटू लागते. तसेही नाही. आरोप कुणी केला, कशाच्या आधारावर, हे यायलाच हवे.

लैंगिक गुन्ह्यांच्या बातम्यांत तर ओळख कळेल असे काहीच छापायचे नसते. पीडितेची ओळख जपण्यासाठी न्याय संहितेचे कलम ७२ आहे, मुलांसाठी पोक्सो कायद्याचे कलम २३. विद्यार्थी नाव गाळतात आणि वाडा, वडिलांचा धंदा, शाळेचे नाव, इयत्ता लिहून मोकळे होतात. मग नाव गाळून काय राहिले?

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. इतिवृत्त पंचायतीत असते, ठेक्याचा करार कुठे ना कुठे दप्तरी असतो. सहज मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे: दहा रुपये शुल्क, साधारणपणे तीस दिवसांत उत्तर. आजच्या बातमीला तीस दिवस थांबता येत नाही, म्हणून आज माहीत आहे तेवढे छापायचे आणि अर्ज टाकून ठेवायचा. महिन्याने त्याचीच पुढची बातमी होते. वर्गात 'फॉलोअप'ला फारसे गुण नसतात. गावात मात्र बातमीदाराची ओळख त्यावरूनच ठरते.

एकच आकडा, दोन मथळे

बातमी आणि मत वेगळे ठेवा, असे आम्ही सांगतो तेव्हा मुले माना डोलावतात आणि पुढच्याच वाक्यात 'दुर्दैवाने' लिहितात. त्यांना मी १९६७ सालात नेतो.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, तरी इथल्या मराठी दैनिकांचा जोर मुक्तीनंतरचा. 'गोमन्तक' निघाला मार्च १९६२ मध्ये, पहिले संपादक बा. द. सातोस्कर. पाचच वर्षांनी, १६ जानेवारी १९६७ रोजी, जनमत कौल झाला: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा? विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता, मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधात, आणि 'राष्ट्रमत'मधले उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर घराघरांत वाचले जाई. दोन्ही पत्रे मराठीच. आजही हा विषय काढला की घरातली वडीलधारी मंडळी खुर्ची पुढे सरकवतात.

निकाल असा: दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. हे आकडे फळ्यावर लिहून मी मुलांना दोन मथळे रचायला लावतो. एकदा एकाने लिहिले, "गोवा वेगळाच राहणार, ३४ हजारांनी कौल". दुसरीने लिहिले, "पावणेदोन लाखांविरुद्ध एक लाख ३८ हजार, विलीनीकरण थोडक्यात हुकले". दोन्हींत आकडा खोटा नाही. (पावणेदोन लाख थोडे ताणलेले आहेत, ते तिलाही दिसले.) पण 'थोडक्यात' हा शब्द कुणाचा? आकड्याचा नाही. मोजलेल्या मतांत सुमारे ५५ टक्के एका बाजूला आहेत. ते थोडे की पुष्कळ, हे वाचक ठरवील. हा शब्द अग्रलेखात खुशाल वापरावा, तिथे लेखकाने मत द्यावे अशीच अपेक्षा असते. बातमीत तो चोरपावलांनी आला. मताची खरी गंमत हीच आहे. ते वाक्यात कमी आणि विशेषणांत, क्रियाविशेषणांत जास्त लपते. 'अखेर', 'केवळ', 'चक्क', 'तब्बल' हे चार शब्द कॉपीतून काढून पाहा. बातमी शांत होते.

तयार वाक्प्रयोगांबद्दल फार बोलत नाही, सगळेच बोलतात. एकच खळबळ उडाली, घटनास्थळी धाव घेतली, सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे. 'सर्वत्र' म्हणजे कुठे, असे विचारले की विद्यार्थी हसतात. हसले म्हणजे पुढच्या वेळी लिहीत नाहीत. प्रेसनोटचेही तेच. ती पाठवणाऱ्याच्या सोयीने लिहिलेली असते, म्हणून तिच्यात 'मंत्र्यांच्या हस्ते' आधी आणि पूल कुठे होणार ते शेवटी येते. ती उलटी करून वाचली की निम्मे काम झाले.

मंगळवारी संध्याकाळी सहाला मुलीने कॉपी पुन्हा दिली. दोन पानांचे एक झाले होते. इंट्रो असा (गावाचे नाव इथे गाळतो):

"गावातील खाजनात खारे पाणी शिरून लावणी झालेले भात बुडाले असून, फुटलेल्या बांधाची दुरुस्ती कधी होणार, याचे उत्तर रविवारच्या ग्रामसभेत मिळाले नाही."

त्याखाली बांधावर तिने पाहिलेले भगदाड आणि नसलेली फळी. मग म्हाताऱ्याचे वाक्य, जसे बोलला तसे. किती शेत बुडाले याचा सरपंचांनी सांगितलेला आकडा आणि शेतकऱ्यांनी सांगितलेला आकडा, दोन्ही, ज्याचे त्याच्या नावावर. ठेकेदाराची जागा रिकामी होती. त्याने दोनदा फोन उचलला नव्हता. आम्ही थांबलो. साडेसातला त्याचाच फोन आला. बांध खचत चालल्याचे आपण वर्षभर सांगत होतो, दाराला हात लावलेला नाही, असे तो म्हणाला. ते चौथ्या परिच्छेदात गेले.

आठला जाहिरात आली. मी कात्री घेऊन खालून सुरुवात केली आणि पाहतो तर तळाशी पथदीप, भटकी कुत्री आणि सगळ्यात शेवटी, "उपसरपंचांनी आभार मानले."

"हे कशाला ठेवलंस?" मी विचारले.

"तुम्हाला कापायला काहीतरी हवंच ना, सर."